फंक्शन कुठे चढतं, कुठे उतरतं: डेरिव्हेटिव्ह वापरून शोधायची पद्धत

डेरिव्हेटिव्ह काढायचे सगळे नियम पाठ असतात, प्रॉडक्ट रूल येतो, चेन रूल येतो, पण "फंक्शन कुठे इन्क्रीझिंग आहे आणि कुठे डिक्रीझिंग आहे ते शोधा" असा प्रश्न समोर आला की पेन जागच्या जागी थांबतं. असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी हा टॉपिक बरीच वर्षं शिकवतेय आणि मला दर वेळी हेच दिसतं की मुलं डेरिव्हेटिव्ह बरोबर काढतात, इक्वेशनही बरोबर सोडवतात आणि मग शेवटच्या टप्प्यावर भलत्याच गोष्टीकडे बघून उत्तर लिहितात. बघायचं असतं फक्त डेरिव्हेटिव्हच्या चिन्हाकडे, प्लस आहे का मायनस. त्याची किंमत ५ आली का ५००, फंक्शनची स्वतःची किंमत किती आली, याचा या प्रश्नाशी काही संबंध नसतो.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधीच सांगते. एक्सच्या जागी मी क्ष लिहितेय, फंक्शनला फ(क्ष) आणि त्याच्या डेरिव्हेटिव्हला फ′(क्ष). ही वरची छोटी काडी लाग्रांजच्या लिखाणातून रूढ झाली, आपण तिला डॅश म्हणतो. मराठी पुस्तकांत फंक्शनला फलन आणि डेरिव्हेटिव्हला अवकलज म्हटलेलं दिसेल, वस्तू तीच. आणि प्लस-मायनसच्या साइनला मी मुद्दाम चिन्ह म्हणणार आहे कारण साइन म्हटलं की त्रिकोणमितीतला साइन डोक्यात येतो आणि पुढे तोही एका उदाहरणात येणारच आहे.

आधी वाढतं म्हणजे नक्की काय

ग्राफवर नेहमी डावीकडून उजवीकडे चालायचं. हे आधी ठरवून टाका, कारण उलट चाललात तर प्रत्येक चढ उतार होतो आणि प्रत्येक उतार चढ. डावीकडून उजवीकडे जाताना ग्राफ वर जात असेल तर फंक्शन वाढतंय, खाली जात असेल तर घटतंय. गणिताच्या भाषेत, एखाद्या तुकड्यातले कुठलेही दोन आकडे अ आणि ब घेतले, अ लहान आणि ब मोठा, आणि प्रत्येक वेळी फ(अ) हा फ(ब) पेक्षा लहान आला तर त्या तुकड्यावर फंक्शन वाढतं. "कुठलेही दोन" आणि "प्रत्येक वेळी" हे शब्द महत्त्वाचे आहेत, पुढे एका उदाहरणात यांच्यावरच सगळं अडणार आहे.

अजून एक गोष्ट यातच आली. वाढणं-घटणं ही तुकड्याची गोष्ट आहे, एकट्या पॉइंटची नाही. म्हणून उत्तर नेहमी इंटरव्हलमध्ये येतं, "क्ष = २ ला वाढतं" असं उत्तर कुणी विचारलेलं नसतं.

आता डेरिव्हेटिव्ह यात कुठून आलं? डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या ठिकाणी ग्राफला काढलेल्या टँजंटचा स्लोप. मराठीत भूमितीच्या पुस्तकात स्लोपला "चढ" म्हणतात आणि मला हा शब्द फार आवडतो, कारण सगळी पद्धत त्या एका शब्दात आहे: चढ प्लस असेल तर आपण वर चाललोय, चढ मायनस असेल तर तो उतार आहे, आणि चढ शून्य म्हणजे तेवढ्या जागी जमीन सपाट. बस.

तसं हा डेरिव्हेटिव्हचा काही नंतर सापडलेला उपयोग नाही. लायब्निझनं १६८४ साली कॅल्क्युलसवरचा पहिला पेपर छापला त्याचं नावच मुळी मॅक्झिमा आणि मिनिमा काढायच्या नव्या पद्धतीबद्दल होतं. म्हणजे शिखर कुठे आणि दरी कुठे हे शोधणं हेच सुरुवातीपासून मुख्य काम होतं.

पायऱ्या, एका साध्या उदाहरणावर

हे फंक्शन घेऊ:

फ(क्ष) = क्ष³ − ३क्ष² − ९क्ष + ५

पहिली पायरी, डोमेन बघा. म्हणजे क्ष च्या जागी कुठले आकडे टाकायला परवानगी आहे ते. इथे पॉलिनॉमिअल आहे, भागाकार नाही, मूळ नाही, लॉग नाही, त्यामुळे सगळे आकडे चालतात. ही पायरी इथे दोन सेकंदांची आहे म्हणून लोक ती कायमचीच गाळतात आणि मग लॉग आला की फसतात, ते खाली बघूच.

दुसरी पायरी, डेरिव्हेटिव्ह काढा आणि लगेच फॅक्टर करा.

फ′(क्ष) = ३क्ष² − ६क्ष − ९ = ३(क्ष² − २क्ष − ३) = ३(क्ष + १)(क्ष − ३)

फॅक्टर करा हे मी जोर देऊन सांगतेय. आपल्याला चिन्ह बघायचंय आणि बेरजेचं चिन्ह पटकन कळत नाही, गुणाकाराचं कळतं. ३क्ष² − ६क्ष − ९ मध्ये क्ष = −२ टाकून चिन्ह सांगायचं तर आकडेमोड करावी लागते, तेच ३(क्ष + १)(क्ष − ३) मध्ये −२ टाकलं तर दोन्ही कंस मायनस, मायनस गुणिले मायनस प्लस, झालं, पेन उचलावंही लागत नाही.

तिसरी पायरी, डेरिव्हेटिव्ह कुठे शून्य होतं आणि कुठे अस्तित्वातच नाही ते शोधा. फंक्शनच्या डोमेनमधल्या अशा जागांना क्रिटिकल पॉइंट म्हणतात. इथे शून्य होतं क्ष = −१ आणि क्ष = ३ ला, आणि अस्तित्वात नाही असं कुठेच नाही.

चौथी पायरी, नंबर लाइन काढा आणि त्या पॉइंटवर तिचे तुकडे करा. दोन पॉइंटचे तीन तुकडे: −१ च्या डावीकडचा, −१ ते ३ मधला, आणि ३ च्या उजवीकडचा. ही लाइन खरंच कागदावर काढा, मनातल्या मनात करू नका, दोन पॉइंट असताना मनात जमतं पण चार झाले की हमखास एखादा तुकडा सुटतो.

पाचवी पायरी, प्रत्येक तुकड्यातला एक सोयीचा आकडा उचला आणि तो फ′ मध्ये टाका. फ मध्ये नाही, फ′ मध्ये. मी वहीत या जागी फ′ भोवती गोल करायला सांगते कारण सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

पहिल्या तुकड्यातून −२ घेतला: ३ × (−१) × (−५) = १५, प्लस.
मधल्यातून ० घेतला: ३ × १ × (−३) = −९, मायनस.
शेवटच्यातून ४ घेतला: ३ × ५ × १ = १५, प्लस.

सहावी पायरी, उत्तर लिहा. (−∞, −१) वर वाढतं, (−१, ३) वर घटतं, (३, ∞) वर परत वाढतं.

आता फ ऐवजी फ′ वर इतका जोर का, ते याच फंक्शनमध्ये बघा. फ(०) = ५, म्हणजे फंक्शनची किंमत प्लस, पण तिथे ते घटतंय. आणि फ(−३) काढा: −२७ − २७ + २७ + ५ = −२२, किंमत चांगलीच मायनस पण तिथे फंक्शन जोरात वाढतंय. फ(३) पण −२२ च येतो! किंमत तीच, पण −३ ला आपण चढाच्या मधोमध आहोत आणि ३ ला दरीच्या तळाशी. किंमत सांगते तुम्ही किती उंचीवर आहात, फ′ सांगतं पाऊल वर पडतंय का खाली, आणि विचारलंय ते पावलाबद्दल.

एकच आकडा टाकून सगळ्या तुकड्याचं कसं कळतं

हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं, कारण पडायलाच हवा. −१ ते ३ मध्ये असंख्य आकडे आहेत, आपण एकटा ० तपासला आणि सगळ्यांबद्दल बोललो, हे कसं?

उत्तर असं की फ′ ला प्लसवरून मायनसवर जायचं असेल तर, ते कंटिन्यूअस (म्हणजे मधे कुठेही न तुटलेलं) असल्यामुळे, मधे शून्यावरून जावंच लागतं. आणि जिथे जिथे शून्य होतं ते सगळे पॉइंट आपण आधीच शोधून तिथे लाइन कापलीये. त्यामुळे एका तुकड्याच्या आत चिन्ह बदलायला जागाच उरत नाही, एकाचं जे चिन्ह तेच सगळ्यांचं. म्हणूनच तिसऱ्या पायरीत एकही पॉइंट सुटता कामा नये, एक सुटला की पुढचं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतं.

आणि फ′ प्लस असलं की फंक्शन वाढतंच याची खात्री कोण देतं? मीन व्हॅल्यू थिअरम. तो म्हणतो की अ ते ब फंक्शन कंटिन्यूअस असेल आणि आतमध्ये सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असेल तर मधे कुठेतरी एक क असा सापडतो की

फ(ब) − फ(अ) = फ′(क) × (ब − अ)

ब − अ तर प्लसच आहे, कारण ब मोठा घेतला. फ′ त्या तुकड्यात सगळीकडे प्लस असेल तर फ′(क) पण प्लस, मग डावी बाजू प्लस, म्हणजे फ(ब) मोठा. आपली व्याख्या पूर्ण झाली. एवढासाच पुरावा आहे आणि मला वाटतं तो प्रत्येकानं एकदा स्वतःच्या हातानं लिहावा, कारण त्यात घातलेली अट, अ ते ब मधे कुठेही फंक्शन तुटलेलं नको, ही पुढे कामाला येते.

शून्य आलं म्हणून वळण आलंच असं नाही

फ(क्ष) = क्ष⁴ − ४क्ष³ घ्या.

फ′(क्ष) = ४क्ष³ − १२क्ष² = ४क्ष²(क्ष − ३)

शून्य होतं ० ला आणि ३ ला. आता बरेच जण इथे काय करतात, पहिल्या तुकड्यात मायनस आला की पुढे आपोआप प्लस, मग मायनस असं आळीपाळीनं लिहून मोकळे होतात. तपासून बघा: क्ष = −१ टाकला तर ४ × १ × (−४) मायनस, क्ष = १ टाकला तर ४ × १ × (−२) परत मायनस, क्ष = ४ टाकला तर ४ × १६ × १ प्लस. म्हणजे ० ला जमीन क्षणभर सपाट होते आणि परत उतारच सुरू राहतो. क्ष² हा फॅक्टर वर्ग आहे, तो ० च्या दोन्ही बाजूंना प्लसच राहतो, चिन्ह बदलायची ताकदच त्याच्यात नाही.

यावरून एक सोपी युक्ती मिळते. फॅक्टरचा घात विषम असेल, १, ३, ५ असा, तर त्या पॉइंटवर चिन्ह बदलतं, घात सम असेल तर बदलत नाही. म्हणजे सगळ्यात उजवीकडच्या तुकड्याचं चिन्ह काढलं की तिथून डावीकडे येत येत बाकीची चिन्हं नुसती लिहीत जाता येतात. पण सुरुवातीचे दहा-पंधरा प्रश्न आकडा टाकूनच करा असं माझं मत आहे, युक्ती नंतर.

या फंक्शनचं उत्तर: (−∞, ३) वर घटतं, (३, ∞) वर वाढतं. ० मधे आला तरी तुकडे करून लिहायची गरज नाही, कारण फंक्शन तिथे तुटलेलं नाही आणि सपाट जागा एकच पॉइंटची आहे. आकड्यांनी बघा: फ(−१) = ५, फ(०) = ०, फ(१) = −३, फ(३) = −२७, सलग खालीच. क्ष³ चं पण तसंच, डेरिव्हेटिव्ह ३क्ष², ० ला शून्य, तरी ते सगळीकडे वाढतंच. त्रिकोणमितीत क्ष + साइन क्ष बघा, डेरिव्हेटिव्ह १ + कॉस क्ष, ते पाय, ३पाय, ५पाय अशा अनंत ठिकाणी शून्य होतं पण मायनस कधीच होत नाही, आणि फंक्शन अख्ख्या लाइनवर वाढत राहतं.

जिथे फंक्शन तुटतं

आता माझ्या मते या टॉपिकमधलं सगळ्यात शिकवणारं उदाहरण.

फ(क्ष) = क्ष + ४/क्ष

डोमेन: ० सोडून सगळं. हे आधी लिहून ठेवा.

फ′(क्ष) = १ − ४/क्ष² = (क्ष² − ४)/क्ष² = (क्ष − २)(क्ष + २)/क्ष²

शून्य होतं २ आणि −२ ला. आणि ० ला ना फ आहे ना फ′. व्याख्येनं ० हा क्रिटिकल पॉइंट नाही कारण तो डोमेनमध्येच नाही, पण लाइन मात्र तिथे कापायचीच, कारण तुटलेल्या जागेच्या दोन बाजूंना चिन्ह वेगळं असू शकतं, शून्यावरून जायची सक्ती तिथे नाही. तर तीन पॉइंट, चार तुकडे. खालचा क्ष² नेहमी प्लस, म्हणून फक्त वरचं बघायचं: −३ ला प्लस, −१ ला मायनस, १ ला मायनस, ३ ला प्लस.

मधले दोन्ही तुकडे मायनस. मग उत्तर (−२, २) वर घटतं असं लिहायचं का? नाही, ० डोमेनमध्ये नाही. बरं मग (−२, ०) आणि (०, २) यांचा युनिअन घेऊन, मधे युनिअनचं चिन्ह टाकून, "या युनिअनवर घटतं" असं लिहायचं? खूप जण लिहितात, आणि ते चूक आहे. −१ आणि १ घ्या. फ(−१) = −१ − ४ = −५ आणि फ(१) = १ + ४ = ५. −१ हा १ पेक्षा लहान आहे, घटत असेल तर फ(−१) मोठा यायला हवा होता, आला लहान. "कुठलेही दोन, प्रत्येक वेळी" ही अट मोडली. मीन व्हॅल्यू थिअरमची अटही इथेच मोडते, −१ ते १ मधे फंक्शन तुटलंय.

म्हणून लिहायचं असं: फ हे (−२, ०) वर घटतं आणि (०, २) वर घटतं. "आणि" किंवा स्वल्पविराम, युनिअनचं चिन्ह नको. प्रत्येक तुकडा स्वतंत्र. वाढतं कुठे तर (−∞, −२) वर आणि (२, ∞) वर, तेही वेगवेगळे.

जाता जाता, −२ ला या फंक्शनचं शिखर आहे, किंमत −४, आणि २ ला दरी आहे, किंमत ४. दरी शिखरापेक्षा वर! पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं, पण शिखर-दरी हे फक्त आजूबाजूच्या जमिनीच्या तुलनेत असतं आणि मधे तर फंक्शन तुटलेलंच आहे.

डेरिव्हेटिव्ह नाही पण फंक्शन आहे

वरच्यात ० ला दोन्ही नव्हते. कधी कधी फंक्शन असतं आणि फक्त डेरिव्हेटिव्ह नसतं. क्ष चा २/३ घात घ्या, म्हणजे क्ष² चं घनमूळ. डेरिव्हेटिव्ह येतं २ भागिले (३ × क्ष चं घनमूळ). हे शून्य कधीच होत नाही, वर नुसता २ आहे. जे लोक फक्त "फ′ = ०" सोडवतात ते म्हणतात क्रिटिकल पॉइंट नाही, आणि अडकतात. पण ० ला डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात नाही आणि ० डोमेनमध्ये आहे, तर तो क्रिटिकल पॉइंट झाला. डावीकडे घनमूळ मायनस म्हणून घटतं, उजवीकडे प्लस म्हणून वाढतं, आणि ० ला टोकदार तळ आहे. |क्ष| चं पण हेच, फक्त तिथे कोपरा सरळ रेषांचा.

लॉग, ई आणि त्रिकोणमिती

लॉग: फ(क्ष) = क्ष × लॉग क्ष, लॉग म्हणजे नॅचरल लॉग, ज्याचा बेस ई हा आकडा (साधारण २.७१८) असतो. डोमेन फक्त क्ष > ०. प्रॉडक्ट रूलनं फ′(क्ष) = लॉग क्ष + १. शून्य होतं लॉग क्ष = −१ ला, म्हणजे क्ष = १/ई, साधारण ०.३७. तुकडे दोनच: ० ते १/ई, आणि १/ई च्या पुढे. इथे सवयीनं चाचणीचा आकडा म्हणून ० किंवा −१ घ्यायचा मोह होतो पण ते डोमेनच्या बाहेर आहेत. डावीकडच्या तुकड्यातून १/ई² घ्या, लॉग −२, अधिक १ म्हणजे −१, मायनस. उजवीकडून १ घ्या, लॉग ०, अधिक १, प्लस. तर (०, १/ई) वर घटतं, (१/ई, ∞) वर वाढतं. आकडा निवडताना ज्याचा लॉग सोपा आहे तो निवडायचा, ०.१ घेऊन कॅल्क्युलेटर शोधत बसू नका.

ई असेल तर काम अजून हलकं होतं. फ(क्ष) = क्ष × ई^(−क्ष), डेरिव्हेटिव्ह ई^(−क्ष) × (१ − क्ष). ई चा कुठलाही घात नेहमी प्लस असतो, म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही, चिन्ह ठरवणार फक्त (१ − क्ष). १ पर्यंत वाढतं, १ नंतर घटतं. एवढंच. "ई^(−क्ष) = ०" सोडवायला जाऊ नका, त्याला उत्तरच नाही.

त्रिकोणमितीत बहुतेक वेळा प्रश्नातच इंटरव्हल दिलेला असतो, तो नीट वाचा. ० ते २पाय मध्ये साइन क्ष + कॉस क्ष: फ′ = कॉस क्ष − साइन क्ष. दोघं सारखे होतात पाय/४ आणि ५पाय/४ ला. ० ला फ′ = १ प्लस, पाय ला −१ मायनस, २पाय ला १ प्लस. तर ० पासून पाय/४ पर्यंत वाढतं, तिथून ५पाय/४ पर्यंत घटतं, पुढे २पाय पर्यंत परत वाढतं. साइन भागिले कॉस करून टॅन क्ष = १ सोडवताना दुसरं उत्तर ५पाय/४ विसरणं ही इथली नेहमीची चूक.

कंस गोल का चौकोनी

यावरून खूप वाद होतात म्हणून स्पष्ट लिहिते. काही पुस्तकं (−१, ३) वर घटतं लिहितात, काही [−१, ३] वर. पहिल्या उदाहरणात दोन्ही बरोबर आहेत. फ′ मायनस फक्त आतमध्ये आहे, टोकाला शून्य, पण मीन व्हॅल्यू थिअरमला टोकाला डेरिव्हेटिव्ह लागतच नाही, टोकाला फंक्शन कंटिन्यूअस असलं की पुरे, त्यामुळे टोक धरून सुद्धा फंक्शन घटतं. मुलं विचारतात की मग −१ हा वाढणाऱ्या तुकड्यात पण आणि घटणाऱ्या तुकड्यात पण, हे कसं चालेल? चालतं, कारण वर म्हटलं तसं वाढणं-घटणं तुकड्याचं असतं, एक पॉइंट दोन शेजारच्या तुकड्यांचं टोक असू शकतो. तुमच्या पुस्तकात जी पद्धत आहे ती धरा आणि संपूर्ण उत्तरात तीच ठेवा. फक्त दोन ठिकाणी चौकोनी कंस कधीच नाही: अनंताला, आणि जिथे फंक्शन नाहीच अशा जागी, जसं क्ष + ४/क्ष मधला ०.

उत्तर बरोबर आलं का ते बघायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे क्रिटिकल पॉइंटवरच्या फ च्या किमती काढणं. पहिल्या उदाहरणात फ(−१) = १० आणि फ(३) = −२२. १० वरून −२२ वर आलो म्हणजे मधे घटतं, जुळलं. इथे मात्र फ मध्येच टाकायचं, कारण आता आपण उंची मोजतोय. ग्राफ काढणारं एखादं अॅप असेल तर त्यात फ आणि फ′ दोन्ही एकावर एक काढून बघा, फ′ चा ग्राफ आडव्या अक्षाच्या वर असताना फ चढताना दिसतो आणि तो अक्षाखाली गेला की फ उतरायला लागतो, हे डोळ्यांनी एकदा बघितलं की विसरत नाही.

याचा एक सुंदर उपयोग

हे मला दाखवल्याशिवाय राहवत नाही. सिद्ध करायचंय की ई^क्ष हे नेहमी १ + क्ष पेक्षा मोठं किंवा त्याच्याएवढं असतं, क्ष कुठलाही असो. फरक घ्या: फ(क्ष) = ई^क्ष − १ − क्ष. डेरिव्हेटिव्ह ई^क्ष − १. क्ष < ० ला मायनस, क्ष > ० ला प्लस, म्हणजे ० पर्यंत उतार आणि पुढे चढ, सगळ्यात खालची जागा ०, आणि फ(०) = १ − १ − ० = ०. सगळ्यात खालची किंमतच ० आहे तर बाकी कुठेही फरक मायनस होणार नाही. तीन ओळींत असंख्य आकड्यांबद्दलची गोष्ट सिद्ध झाली आणि वापरलं काय तर फक्त चिन्ह.

आता हे चार स्वतः करा, आधी उत्तर बघू नका.

पहिलं २क्ष³ − १५क्ष² + ३६क्ष − ७, दुसरं क्ष/(क्ष² + १), तिसरं क्ष² × ई^(−क्ष), चौथं (क्ष − १)/(क्ष + १).

पहिल्यात फ′ = ६(क्ष − २)(क्ष − ३), त्यामुळे २ पर्यंत वाढतं, २ ते ३ घटतं, पुढे वाढतं. दुसऱ्यात क्वोशंट रूलनं वर १ − क्ष² येतं आणि खाली वर्ग, जो नेहमी प्लस, म्हणून −१ पर्यंत घटतं, −१ ते १ वाढतं, पुढे परत घटतं. तिसऱ्यात फ′ = क्ष(२ − क्ष) × ई^(−क्ष), ० पर्यंत घटतं, ० ते २ वाढतं, नंतर घटतं. चौथ्यात फ′ = २ भागिले (क्ष + १)² येतं, शून्य कुठेच होत नाही आणि जिथे आहे तिथे प्लसच आहे, तेव्हा "सगळीकडे वाढतं" असं लिहावंसं वाटेल, पण फ(−२) = ३ आणि फ(०) = −१ काढून बघा: −२ वरून ० वर आलो आणि किंमत खाली गेली. −१ ला फंक्शन तुटलंय, म्हणून उत्तर (−∞, −१) वर वाढतं आणि (−१, ∞) वर वाढतं, दोन वेगळे तुकडे.